हयात राहील त्यास

"नाव घेता येत नाही? मग उखाण्यात घ्या की, बाई. आम्हीही ऐकू."

असं म्हनला तो. बँकेतला क्लार्क, जाळीच्या पल्याड बसल्याला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. माझा नवरा नुकता गेल्ता. कपाळ मोकळं, हात मोकळं. गोंदनाचा हिरवा ठिपका तेवढा राहिल्ता, तो काय पुसता येत न्हाई म्हनून. आन् ह्यो बाबा मला उखाना घे म्हनतोय!

बाजाराचा दिस हुता. काष्टीचा बाजार म्हंजी जनावरांचा, आन् त्यात ते दुष्काळाचं साल. दावनीची बैलं इकायला आनल्याली, घ्यायला कोन न्हाई. ऊन लागाय लागलं की मानसं बँकेत येऊन भिंतीकडंला बसायची. ती समदी हसली. मोठ्यानं न्हाई. नाकातनं, दबून. ते जास्त लागतं.

माझ्या म्होरं थोरलं दीर हुभं हुतं. अण्णा म्हनायची त्येंना समदी. गावच्या सोसायटीत पंच. ते बी हसलं, मिशीतल्या मिशीत. सख्ख्या भावाची राख अजून गार झाली न्हाई आन् हसलं. मी पदराआडनं बघितलं.

उखाना सवाशिनीनं घ्यायचा असतो. रांडाव बाईनं न्हाई. क्लार्कला ह्ये ठावं नव्हतं असं कोनी मला सांगू नका. त्येच्या घरात बी आई-बहीन असंल. समदं ठावं हुतं त्येला. त्येला तमाशा बघायचा हुता, फुकटात.

आता मला नाव घेता येत नव्हतं ह्ये खरं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. घेतलं तर त्येचं आयुष्य कमी हुतं म्हनत्यात. उभ्या संसारात मी घेतलं न्हाई. ‘मालक’ म्हनायचं, न्हाईतर नुसतं ‘आवं’. नाव न घेता बी तो गेलाच की! काविळीनं गेला, पिवळा पडून. मंग मी एवढी वर्सं जीभ आवरून धरली त्येचं मला काय मिळालं? पन ह्यो इचार मागनं आला. त्या दिशी जीभच उचलंना. थोरल्या दिरापुढं बोलायची तर सोयच नव्हती. डोईवरचा पदर सांभाळायचा आन् गप उभं ऱ्हायचं. शेवटी नाव अण्णांनीच सांगितलं, बापाच्या नावासकट. आन् एकदा तोंड उघडलं ते मिटलंच न्हाई. म्होरचं समदं माझ्या वतीनं तेच बोलाय लागलं.

आमी बँकेत कशाला गेल्तो ते सांगते. मी आन् मालक बाजारात चहाचं पाल लावायचो. चार बांबू, वर गोनपाट, खाली मातीची भट्टी. तो चहा करायचा, मी भजी तळायची. बाजार नसंल त्या दिशी जिथं खडीची कामं चालली असतील तिथं रस्त्याच्या कडंला. हाताशी जे ऱ्हायचं ते बँकेत. बँक नवीच आल्ती, मालकाला तिचं लई कवतिक. खातं काढलं ते दोघांच्या नावानं. "तुझं बी नाव घातलंय गं," म्हनला. मी म्हनलं, "मला काय करायचंय नाव घालून?" तो नुसता हसला.

पैसं साठवायचं ते एकाच गोष्टीपायी. बाजारतळाच्या कडंला पत्र्याची दुकानं निघनार हुती. अनामत भरंल त्येला दुकान. पाल म्हंजी काय, सकाळी उभारायचं, सांजच्याला मोडायचं, वावटळ आली की बांबू धरून बसायचं. मालक म्हनायचा, डोक्यावर पत्रा आला की मी मरायला मोकळा. पत्रा यायच्या आधीच मेला. आन् तो गेल्यावर दुकानं द्यायची येळ आली.

मला दुकान मिळालं तर मी माझ्या पायावर. न्हाई मिळालं तर अण्णांच्या घरात भाकऱ्या थापायच्या, हात झिजंस्तवर. पदरात पोर न्हाई. म्हायेरी भाऊ हाय, तो सोताच खडी फोडतोय. तिसरी वाट नव्हती.

अण्णांचा बेत येगळा हुता. तो मला त्येंच्या बायकोनं सांगितला, भाकरी-कोरड्यासाचं ताट घेऊन येऊन. "तू चहा कर, गल्ल्यावर आमचा पोरगा बसंल. दुकान त्येच्याच नावानं घेऊ. तुझ्या मागं तरी कोन हाय? घरातलं घरात राहतंय, बाय." बाय! इतकी वर्सं त्या घरातनं ताकाचा थेंब आला न्हाई, हाकंला ‘ए’ शिवाय शब्द न्हाई. आन् आता बाय, आन् ताट, आन् वर तेलाची धार. तवाच मनात शंकेची पाल चुकचुकली. जेवले मी ते. भूक हुती. पन प्रत्येक घासाला वाटत हुतं, ह्ये फुकट न्हाई.

तर बँकेत. क्लार्कनं मयताचा दाखला अण्णांकडनं घेऊन फायलीला लावला. मंग माझं पासबुक उघडलं. आतल्या पानावर शाईनं लिवल्याली एक ओळ हुती. तिच्यावर बोट ठेवून वाचलं.

"हे बघा. ‘हयात राहील त्यास.’ त्यास लिहिलंय. त्यास म्हणजे पुरुषास. बाईला द्यायचे असते तर ‘तीस’ लिहिलं असतं. घरात हयात पुरुष कोण? अण्णा. तुम्ही संमतीचा अंगठा द्या, अण्णा पैसे काढतील."

अण्णांनी मान डोलवली. "कायदाच हाय त्यो. आपुन काय करनार?"

शाईचं पॅड जाळीखालनं म्होरं सरकलं.

मी दोन यत्ता शिकल्याली. ‘हयात’ म्हंजी काय, मला खरंच ठावं नव्हतं. वाटलं, असंल कायतरी कोर्टातलं. घरातल्या कर्त्या बाप्याला म्हनत असतील. ‘त्यास’ म्हंजी त्येला, एवढं कळत हुतं, आन् मी ‘ती’ हाय ह्ये बी कळत हुतं. क्लार्क म्हनतोय ते खरंच असनार, असं मला बी वाटाय लागल्तं. हात उचलला बी हुता.

पन एक गोष्ट बघितली. त्येचं बोट. ते ओळीच्या निम्म्यावर हुतं, आडवं. वाचलं ते बोटाच्या म्होरलं. मागचं समदं बोटाखाली. शाळंत मास्तर सांगायचं, अक्षराखाली बोट धरून वाचा. अक्षरावरच बोट ठेवून कोन वाचतं?

आन् दुसरं आठवलं. ह्योच क्लार्क बाजाराच्या दिशी माझ्या पालावर चहा प्यायचा. "ए बाई, कप नीट विसळ," म्हनायचा. गेल्या बाजारला अण्णा त्येच्याशेजारी बाकड्यावर बसल्ते, मांडीला मांडी लावून. मी चहा घेऊन गेले तशी दोघं गप झाली. अण्णा कवा कुनाला चहा पाजनारं मानूस न्हाई, त्या दिशी त्येंनी क्लार्कला भजी बी चारली. तवा मला वाटलं, दुःखात मानूस बदलतं.

मी हात मागं घेतला. तोंडानं काय बोलले न्हाई, नुसती मान हलवली. न्हाई. पासबुक जाळीखालनं वढून ओच्यात खोचलं.

"समजावून आणा हो हिला," क्लार्क अण्णांना म्हनला. "ढोरांच्या बाजारात कप विसळणाऱ्या बाया. यांना कायदा कळायचा म्हणजे..." वाक्य पुरं बी केलं न्हाई. भिंतीकडंची मानसं परत नाकातनं हसली. मी त्येंच्यातनं वाट काढत भाईर आले. डोळ्याला पानी आल्तं, पन ते मी त्येंना दिसू दिलं न्हाई.

वाटंत अण्णा म्हनलं, "पासबुक माझ्याकडं राहू दे. तुझ्याकडनं हरवंल." मला ऐकूच आलं न्हाई असं केलं.

घरी जाऊन दार लावलं आन् पासबुक उघडलं. एकेक अक्षर जोडत बसले. दो-घां-पै-की. को-णा-स-ही. किं-वा. त्येच्या म्होरं मंग क्लार्कचं ते हयात राहील त्यास. म्हंजी बोटाखाली दोघं हुती! मी आन् मालक. आमा दोघांवर बोट ठेवलं हुतं त्यानं. दोघांपैकी म्हनल्यावर त्यात अण्णा कुठनं आलं?

पन ‘हयात’ अडलं. आन् ‘त्यास’ अडलं. खरं सांगते, मेलेल्या मानसावर बी संशय आला मला. त्यानंच तर असं लिवून घेतलं नसंल? बायकोचं नाव वरवर, आन् आतनं भावाला? रातभर तेच डोक्यात. खुंटीवरच्या मालकाच्या पैरनीकडं बघवंना.

इचारायचं तरी कुनाला? ग्रामसेवक अण्णांच्या ओट्यावर बसनारा. शाळंतलं मास्तर अण्णांच्या घरी जेवनारं. ज्येला ज्येला वाचता येत हुतं, तो तो अण्णांचा. गावात माझं कोनी असंल तर अक्षरं न येनारं. ती काय सांगनार, कपाळ!

म्होरल्या बाजारला मी परत एकटीनं पाल उभारलं. दुपारच्याला सगुनाआजी आली. ह्या म्हातारीचा नवरा मिलटरीत गेल्ता, तिला पेन्शन येती. आल्या आल्या बाकड्यावर काठी आपटली. "मुडदे! दर साली मला इचारत्यात, म्हातारे, मेलीस का जित्ती हायेस? न् त्येचा कागद आन म्हनत्यात. मी समोर उभी हाय तरी कागद! हयातीचा दाखला म्हनं!"

मी चहा वतत हुते. कपाऐवजी हातावर सांडला.

"आजी, हयात म्हंजी?"

"हयात म्हंजी जित्तं. दुसरं काय?"

"बाईला बी हयात म्हनत्यात?"

"मंग मला काय म्हनत्यात, म्हशीला? ह्ये बघ." तिनं कनवटीचा कागद काढला. "ह्यात काय लिवलंय ठावं हाय का? वाचून घेतलंय मी. ‘सदर इसम हयात आहे.’ इसम! मला! बघ गं, मिशा फुटल्यात का!"

लई दिसांनी हसले मी. म्हातारी बी हसली, दात नसल्याल्या तोंडानं. पन हसता हसता मनात आलंच, हिला तर कोनी पाठवलं नसंल? अण्णांनी? इतका इस्वास उडाला हुता माझा. म्हनून नुसत्या तिच्या तोंडच्या शब्दावर इस्वास न्हाई ठेवला. तिचा कागद मागून घेतला, माझं पासबुक काढलं, दोन्ही शेजारी धरलं. ह, या, त. हिकडं बी तेच, तिकडं बी तेच. काना सुदिक तोच. आन् म्हातारीला जर ‘इसम’ चालतंय, तर मला ‘त्यास’ का चालनार न्हाई? सरकारला बाई लिवायला येतच नसंल तर तो माझा गुन्हा हाय का?

आन् मंग ते आठवलं. खातं काढायच्या दिशी दुसराच कोन तरी क्लार्क हुता. त्यानं मालकाला इचारल्तं, "पैसे दोघांनी मिळून काढायचे, की दोघांपैकी कोणीही?" मी मागं उभी हुते. मालक म्हनला, "कोनीबी. उद्या मी नसलो तर हिनं काय माझी वाट बघत बसायची?" मी त्येच्या पाठीत हळूच बुक्की घातल्ती. शुभ बोला की, म्हनून.

असं हुतं ते. माझ्या मानसानं माझ्यासाठी वाट ठेवली हुती, आन् मी त्येच्यावरच संशय घेत बसले. भट्टीपुढं बसून लई रडले. गिऱ्हाईक इचाराय लागलं तर म्हनलं, धूर हाय.

"आजी, भट्टीकडं बघा," म्हनलं आन् उठले. चटक्याचा हात लुगड्याला पुसला. तशीच बँकेत.

तीच मानसं भिंतीकडंला. तोच क्लार्क. मला बघून पेनाचं टोपन लावलं. "आली का समजूत? अण्णा कुठे?"

"अण्णा न्हाईत. मी हाय."

"बरं. मयताचं नाव?" फायलीत दाखला लावल्याला, नाव त्येच्या समोर. तरी इचारतोय. ओठाच्या कोपऱ्यात तेच हसू. "उखाणा पाठ करून आणलात ना?"

मी डोईवरचा पदर खांद्यावर घेतला.

"बबन," म्हनलं. "बबन नाव हुतं माझ्या नवऱ्याचं. बबन."

जिभंला काय झालं न्हाई. छत पडलं न्हाई. भिंतीकडंचं एक म्हातारं ‘आगं बाय’ म्हनलं, तेवढंच. मलाच ते नाव नवं वाटलं. किती दिसांनी कोनी त्येला हाक मारली! परत एकदा घ्यावं वाटलं.

"आता वाचा," मी पासबुक ठेवलं. "बोट काढून वाचा."

"आवाज कमी करा, बाई. ही बँक आहे."

"हसायच्या येळंला बी बँकच हुती. त्या दिशी समद्यांनी हसायला ऐकलं. आज वाचायला ऐकू द्या."

तो वाचंना. मंग मीच वाचलं. अडखळत, अक्षर जोडत. क्लार्क मधी बोलाय लागला तर एक बैलवाला मागनं वरडला, "वाचू द्या की तिला!" तोच मानूस त्या दिशी हसल्ता, मला वळख पटली. त्येचा मी उपकार मानला न्हाई. वाचत ऱ्हायले.

"दोघांपैकी. म्हंजी मी आन् बबन. बबन गेला, त्येचा दाखला तुमच्याच फायलीत हाय. मागं ऱ्हायलं कोन? हयात म्हंजी जित्तं. मी जित्ती हाय का न्हाई? चिमटा काढून बघता? आन् त्यास म्हंजी नुसता बाप्याच असंल, तर खातं काढताना माझं नाव घेतलं कशाला? शोभंला?"

आतनं मोठं साहेब आलं. चष्मा लावून ओळ वाचली. दोनदा वाचली. क्लार्ककडं बघितलं, क्लार्क खाली बघाय लागला.

"हो. तसं बाईंचं बरोबर आहे," साहेब म्हनलं.

"तसं म्हंजी कसं?"

"म्हणजे... बरोबर आहे. पैसे तुम्हाला एकटीला काढता येतात. कुणाची संमती लागत नाही."

एवढंच वाक्य. एवढ्या एका वाक्यापायी मला आठवडाभर जाळलं हुतं. माफी कोनी मागितली न्हाई. उलट साहेबांनी मला आत बोलावून खुर्ची दिली, आन् गोड आवाजात म्हनलं, "काही रक्कम राहू द्या खात्यात. फक्त बबनरावांच्या जागी दुसरं एक नाव घालून घेऊ. एकट्या बाईचं खातं बरं नाही. अण्णांचं घालू? तुमच्या भल्यासाठीच सांगतो."

खुर्ची, गोड आवाज, माझं भलं. अण्णांच्या ताटाचा वास आला मला.

"न्हाई."

"विचार करून सांगा."

"केलाय."

अनामतीपुरतं पैसं काढलं, बाकी ठेवलं. खात्यावर एकच नाव. दिस मावळायच्या आत अनामत भरली. पावती मिळाल्यावर तिथंच उभ्या उभ्या नाव वाचलं, शेवटच्या अक्षरापातूर. माझंच हुतं. मंग भाईर पडले.

पत्र्याखाली पहिला बाजार केला त्या दिशी अण्णा आलं. संगं त्येंचं पोरगं. बाकड्यावर ऐसपैस बसलं. बाजार भरल्याला, आजूबाजूला मानसं.

"चारचौघात भावाचं नाव घेतलंस," म्हनलं. "घराची अब्रू घालवलीस. लाज न्हाई वाटली?"

माझा पदर खांद्यावरच हुता. त्यो मी परत डोईवर घेतला न्हाई. अण्णा म्हनत्यात खरं, पन त्येंचं नाव दगडू. त्या घरात एकाबी सुनंनं ते कवा उच्चारलं न्हाई. दगडाला बी ‘धोंडा’ म्हनायची आमच्यात रीत हुती, त्येंच्या नावाला शब्द लागतो म्हनून.

"दगडू," मी म्हनलं. "दगडू, ऊठ. बाकडं गिऱ्हाइकाचं हाय."

उठले. त्येंचं तोंड काळंठिक्कर पडल्तं. त्या दिसापासनं त्या घराचं दार मला बंद झालं. बबनच्या वर्सश्राद्धाला बी बोलावलं न्हाई. त्येच्या नावचा घास मी माझ्या दुकानाच्या पत्र्यावर ठेवला, एकटीनं. भावकीतल्या बाया पान्यावर भेटल्या की तोंड फिरवायच्या. म्हनायच्या, हिनं नवऱ्याचा पैसा खाल्ला, दिराला नावानं हाक मारली. वाईट वाटायचं. का न वाटावं? मी काय दगड न्हाई. पन मागं फिरले न्हाई.

क्लार्क अजून कैक वर्सं त्याच बँकेत हुता. चहाला माझ्याकडंच यायचा, दुसरीकडं इतका चांगला मिळत नव्हता. ‘ए बाई’ परत कवा म्हनला न्हाई. मी बी त्येला कवा माफ केलं न्हाई. कप मातूर नीट विसळून देत हुते.

आता म्हातारी झाले. भाचे येत्यात, बँकेचं नवं साहेब येत्यात, पुढारी येत्यात. माझ्या भल्याचं बोलत्यात, कागद म्होरं करत्यात, ‘इथं सही करा आत्या’ म्हनून बोट ठेवत्यात. मी म्हनते, बोट काढ. आधी बोट काढ. मंग चष्मा घालते आन् ओळ सुरू हुती तिथनं वाचाय लागते. अजून अक्षर जोडूनच वाचते. लई येळ लागतो. लागू दे. थांबायचं त्येंनी.